ठाण्याची पायरी

रोवणी आटोपली होती. मूल गावी मामांच्या सपरीत आम्ही चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात शेजारचा पोरगा तोंड पाडून आला. आठवडी बाजारात त्याच्या खिशातला मोबाइल गेला होता आणि तो ठाण्यात जाऊन आला होता. कुठल्या ठाण्यात ते मी सांगत नाही. ते कुठलंही असू शकतं.

"काय म्हणाले?" मामांनी विचारलं.

"उद्या या म्हणाले."

"कागद दिला?" ताईने विचारलं.

"कायचा कागद?"

एवढ्यावर मामा-भाचीची जुंपली. मामा पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. अर्धी नोकरी चंद्रपूर जिल्ह्यात, अर्धी गडचिरोलीत. ताई, म्हणजे त्यांची भाची आणि माझी मावसबहीण, गडचिरोलीला वकिली करते. मामांचं म्हणणं, माणूस ओळखीचा असला की काम होते. ताईचं म्हणणं, ओळख लागते तिथे हक्क नसतो. मी मध्ये पडलो नाही. ऐकलं ते लिहितो आहे.

चोरी की गहाळ?

मामा : पोरी, ठाणेदाराच्या टेबलावर त्या दिवशी काय पडलं असते ते या पोराला दिसत नाही. एकीकडं मर्ग म्हणजे अकस्मात मृत्यू, दुसरीकडं मिरवणुकीचा बंदोबस्त, तिसरीकडं वाघानं माणूस मारला म्हणून लोक रस्त्यावर बसलेले. अशात मोबाइलवाल्याला 'उद्या ये' म्हटलं तर काय बिघडलं?

ताई : उद्या गेल्यावर काय होतं ते मला ठाऊक आहे, मामा. रिपोर्ट 'चोरी'चा होत नाही, 'गहाळ' झाल्याचा होतो. चोरी लिहिली की गुन्हा दाखल करावा लागतो, तपास करावा लागतो, महिन्याचा आकडा वाढतो. गहाळ लिहिलं की नुसती नोंद. खिसा कापणारा सुटला आणि मोबाइल जणू आपणहून चालत गेला.

मामा : हे होते, मी नाही म्हणत नाही. पण तू वकील आहेस, अर्धंच नको सांगू. काय रे, मोबाइल केवढ्याचा होता?

पोरगा : सात हजारांचा.

मामा : मग तुझं नशीब. नव्या कायद्यात पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र करून ठेवली आहे. अदखलपात्र म्हणजे आम्ही वहीत नोंद घ्यायची आणि तुले कोर्टाचा रस्ता दाखवायचा. न्यायाधीशाच्या हुकमाशिवाय तपास करता येत नाही. लोक समजतात जमादारानं टाळलं. कधी कधी जमादाराचे हातच बांधले असतात.

ताई : मान्य. म्हणून तर बिल घेऊन जा असं मी सांगते. सात हजारांचं बिल दाखवलं की गुन्हा दखलपात्र, आणि दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर तो नोंदवणं ही मेहेरबानी नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिता कुमारी खटल्यात ते स्वच्छ सांगितलं आहे. आता 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम 173 प्रमाणे रिपोर्ट लिहून घ्यायचा, वाचून दाखवायचा, सही घ्यायची आणि प्रत फुकट द्यायची. ठाण्याने नाही म्हटलं तर तोच मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवायचा. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकारी. पायऱ्या ठरलेल्या आहेत, फक्त त्या ठाण्याच्या भिंतीवर वाचता येतील अशा लावलेल्या नसतात.

मामा : त्याच कलमात अजून एक पोटकलम आहे, तेही सांग. तीन वर्षं किंवा जास्त, पण सातपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असला, तर उपअधीक्षकाच्या परवानगीनं चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते. म्हणजे गेला आणि लगेच गुन्हा लागला, असं दर वेळी नाही.

ताई : चौकशी करायला कोण नाही म्हणतं? पण चौकशीची नोंद असते, तिला तारीख असते. 'उद्या या'ला तारीख नसते.

मामा हसले. पोराला म्हणाले, "बिल घे, डब्यावरचा आयएमईआय नंबर लिहून घे, सिमकार्ड बंद कर. रिपोर्टची प्रत मिळाली की केंद्र सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर तो नंबर टाक, मोबाइल ब्लॉक होते." म्हणजे प्रत लागतेच. ताईने माझ्याकडे पाहिलं, बोलली नाही.

कुठलं दार कशाचं?

मामा : माझ्या नोकरीत ठाण्यात आलेल्या निम्म्या लोकांचं काम ठाण्याचं नव्हतंच. बांधीचा बांध शेजाऱ्यानं कोरला, ठाण्यात. हातउसने पैसे बुडाले, ठाण्यात. नालीचं पाणी दारात आलं, तेही ठाण्यात. आता बांधाचं काम तहसीलचं किंवा दिवाणी कोर्टाचं, नाली नगर परिषदेची. चंद्रपूरला जटपुरा गेटात गाड्या अडकल्या तर ते वाहतूक शाखेचं. पण परकोटाला लागून कोणी भिंत घातली तर त्यात महापालिका आली आणि पुरातत्त्व खातंही आलं. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकाम बंद आणि त्यापुढच्या दोनशे मीटरला परवानगी. चंद्रपूरचं जुनं शहर त्या गोंडकालीन परकोटाच्या आतच वसलं आहे! लोक शिव्या मात्र पोलिसाले देतात.

ताई : कारण रात्री नऊ वाजता दुसरं कुठलं दार उघडं असतं, मामा? तहसीलला कुलूप, नगर परिषदेला कुलूप. दिवा लागलेला असतो तो एका ठाण्यात. दार चुकलं असेल तर दोन ओळी लिहून द्या : हे काम अमुक कार्यालयाचं. माणसाची फेरी वाचते.

मामा : वाघाचं घे. ढोर मारलं की लोक आधी ठाण्यात फोन करतात. ते काम वनखात्याचं. 1926 वर फोन लावायचा, नाहीतर वनरक्षकाला गाठायचं, अठ्ठेचाळीस तासांच्या आत कळवायचं आणि पंचनामा होईस्तोवर ढोर जागचं हलवायचं नाही. रागात लोक ओढून बाजूला नेतात, मग भरपाईत अडचण.

ताई : आणि माणूस गेला असेल तर?

मामा : तर दोघंही लागतात. आम्ही मर्ग दाखल करतो, शवविच्छेदनाला पाठवतो. वनखात्याचा पंचनामा वेगळा. माणसामागं सरकार आता 25 लाख देते, काही हातात, बाकी मुदत ठेवीत. त्या घरातल्या बाईला त्या दिवशी यातलं काही समजत नाही. दुर्गापूरला औष्णिक वीज केंद्राच्या आसपास वाघ-बिबटे वस्तीत आले, तेव्हा लोकांचा राग आम्ही पाहिला आहे. जमाव वनखात्याच्या माणसाला वेढतो आणि त्याला सोडवायला पोलीस जातो. आता सांग, तिथं कुठल्या कलमाची प्रत देऊ?

ताईने यावर वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "त्या बाईच्या हातात शवविच्छेदनाचा अहवाल आणि दोन्ही पंचनाम्यांच्या नकला आल्या, की तिचं काम अर्धं झालं. त्या नकलांसाठीच तिला सहा खेपा घालाव्या लागतात."

पुलाच्या अलीकडे, पुलाच्या पलीकडे

मूलहून गडचिरोलीला जाताना व्याहाड मागे पडलं की वैनगंगेचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. लोकांचे सगळ्यात जास्त प्रश्न या पुलावर उभे राहतात, आणि ते बाटलीचे असतात.

मामा : गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी. चंद्रपुरात 1 एप्रिल 2015 ला लागली आणि 2021 मध्ये उठली. मी दोन्हीकडं नोकरी केली. चंद्रपुरात बंदी असताना आमची माणसं दुसरं कामच करत नव्हती. आज इकडं दुकानातून बिल घेऊन घेतलेली बाटलीनं पूल ओलांडला की गुन्हा होते. साध्या माणसाला नदीनं कायदा बदलतो हे कसं समजावं?

ताई : ज्यांनी बंदी मागितली त्या बायांना मात्र ते नीट समजत होतं. 2010 मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत त्या पायी गेल्या. त्यांची मागणी कायद्यापेक्षा घरातली होती : संध्याकाळी नवरा शुद्धीत घरी यावा. गडचिरोलीत आजही गावसंघटनेच्या बाया मोहाचा सडवा पकडून देतात आणि पोलिसाला फोन करतात. पोलीस आला तर बंदी आहे, नाही आला तर नाही.

मामा : पोलीस जाते. पण सडवा ओतला की पंचनामा, पंच, नमुना, तपासणी अहवाल, सगळं लागते. पंच म्हणून गावातला कोणी पुढं येत नाही, कारण विकणारा त्याच्या शेजारचा. मग केस कोर्टात पडते आणि तुझ्यासारखी वकीलच ती पाडते.

ताई : मी पाडते कारण पंच ठाण्यातलेच ठरलेले असतात, मामा. एकच माणूस वर्षभर सगळ्या गावांचा पंच!

इथे मामांनी चहाचा कप खाली ठेवला. उत्तर नव्हतं, किंवा होतं आणि त्यांना द्यायचं नव्हतं.

रात्रभराचं नाटक

मी विषय बदलला. म्हटलं, झाडीपट्टीचं नाटक रात्री सुरू होतं आणि पहाटे संपतं. नियम म्हणतो रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा बंद. मग नाटक चालतं कसं?

मामा : आता कसा प्रश्न विचारला! ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. वर्षातले मोजके पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देते. आपली नाटकं दिवाळीपासून होळीपर्यंत. वडशाच्या नाटक मंडळींच्या तारखा लागलेल्या असतात, शंकरपट भरला असते, जावई-लेकी आलेल्या असतात. बारा वाजता पहिला अंक रंगतो. तेव्हा मी जाऊन वायर ओढू? मी काय करत होतो सांगतो. दुपारीच जाऊन भोंग्याची तोंडं मंडपाच्या आत वळवायला लावायचो, बाहेरचे सगळे काढायला लावायचो. गावात कोणी आजारी असलं तर मंडळाला आधी त्याच्या घरी पाठवायचो. रात्रभर बंदोबस्त द्यायचो. एक तक्रार नाही आली. याला मी कायदा राबवणं म्हणतो.

ताई : छान केलंत. पण तुमची बदली झाल्यावर?

मामा : पुढचा आला त्यानं दहाला बंद केलं. गावात दगडफेक होता होता राहिली.

ताई : तेच म्हणते मी. नाटक तुमच्या मर्जीवर चाललं आणि त्याच्या मर्जीवर बंद पडलं. गावाच्या हातात काहीच नव्हतं. शंकरपटाचं, बैलांच्या शर्यतीचं बघा. कोर्टात वर्षानुवर्षं बंद होता, डिसेंबर 2021 मध्ये अटी घालून परवानगी आली, 2023 मध्ये घटनापीठाने ती कायम ठेवली. आता जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, अटी पाळायच्या, पट भरवायचा. कटकट आहे, पण ठाणेदार बदलला म्हणून पट थांबत नाही. झाडीच्या नाटकालाही तशी लेखी वाट हवी.

मला वाटतं, त्या दुपारी दोघेही आपापल्या जागी सगळ्यात बरोबर इथे होते. मामांची अक्कल गावाला हवीच आहे. पण ती मामांबरोबर निवृत्त झाली.

वडशाची रात्र

मामा : सगळं कागदावर आणशील तर गावातला समजूतदारपणा मरते. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना 2007 मध्ये तंटामुक्ती आली. भांडण गावात मिटायचं, पोलीस पाटील मध्ये बसायचा, पळून आलेल्या पोरापोरीचं लग्नही समितीच लावून द्यायची. ठाण्याची पायरी न चढता माणसं सुखी राहिली.

ताई : बांधाचं भांडण मिटवा, लग्न लावा, मी हार घेऊन येते. पण नवऱ्याने मारलं हा तंटा नाही, गुन्हा आहे. तो 'आपसात मिटला' की बाई परत त्याच घरात जाते. आणि ठाण्याच्या पायरीचं म्हणाल, तर मामा, ती पायरी बायांना भीतीची का वाटते हे आपल्याच भागाला विचारा. 26 मार्च 1972. वडसा, म्हणजे देसाईगंज. तेव्हा गडचिरोली जिल्हा व्हायचा होता, ठाणं चंद्रपूर जिल्ह्याचं. एका आदिवासी मुलीच्या भावाने रिपोर्ट दिला म्हणून सगळ्यांना जबाबाला बोलावलं. रात्र झाली. जबाब संपल्यावर बाकीच्यांना बाहेर काढलं आणि तिला आत ठेवून घेतलं.

मामा : मले माहीत आहे ते.

ताई : सत्र न्यायालयाने बलात्काराचा आरोप असलेल्या दोन्ही पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणून संमती धरली. 1979 मध्ये चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. ताब्यातल्या बाईने 'माझी संमती नव्हती' म्हटलं की कोर्टाने ते आधी धरून चालायचं. पीडितेचं नाव छापू नये हा नियमही तेव्हाचाच, म्हणून मी तिचं नाव घेत नाही. साऱ्या देशाचा कायदा या जंगलातल्या एका ठाण्याने बदलला. आणि आपल्या बायांना तोच माहीत नाही.

मामा बराच वेळ गप्प होते. मग सावकाश बोलले.

मामा : मी भरती झालो तेव्हा जुन्या जमादारानं वडशाचं नाव घेऊन एकच सांगितलं होतं. बाईला दिवस मावळल्यावर ठाण्यात ठेवायचं नाही. कलम नाही सांगितलं.

ताई : कलम मी सांगते. साक्षीदार बाई असेल, तर जबाबासाठी तिला तिच्या घराबाहेर बोलावता येत नाही, पोलिसानेच जायचं. पंधराच्या आतलं मूल आणि साठीपुढचा माणूस यांनाही तेच. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत बाईला अटक नाही; फारच अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्याची परवानगी घ्यायची. लैंगिक अत्याचाराचा रिपोर्ट महिला अधिकाऱ्यानेच लिहायचा. जमादार चांगला होता म्हणून त्याने तुम्हाला सांगितलं. दुसऱ्याला कोणी सांगितलं नसेल तर?

दादालोरा खिडकी

मामा : आता माझं ऐक. तू ज्या भामरागड-एटापल्लीच्या गोष्टी करतेस, तिथं मी पोलीस मदत केंद्रात राहिलो आहे. माणूस आमच्याकडं आला की नक्षलवादी त्याला खबऱ्या म्हणून मारायचे. नाही आला की आमच्यातलेच काही म्हणायचे, हा त्यांचा. अशात मोबाइलचा रिपोर्ट कोण देणार? आज पोलिसांची दादालोरा खिडकी आहे. माडिया बोलीत दादालोरा म्हणजे मोठ्या भावाची. जातीचा दाखला, आधार, योजनेचा अर्ज, सगळं तिथं भरून मिळते. पेनगुंडासारख्या ठिकाणी चोवीस तासांत मदत केंद्र उभं केलं. ऑक्टोबर 2025 मध्ये नक्षलवादी नेता भूपतीनं साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. ही विश्वासाची कमाई आहे, कागदाची नाही.

ताई : ती कमाई मी नाकारत नाही. दहा कोस चालून तहसीलला जाणाऱ्या म्हातारीचा दाखला गावाजवळ होतो, हे चांगलंच आहे. पण दाखला द्यायचं काम बंदूकवाल्या खिडकीवर का यावं? तलाठी, ग्रामसेवक, दवाखाना यांच्या खिडक्या कुठे आहेत? आणि ज्या खिडकीतून मला दाखला मिळतो, तिच्याविरुद्ध तक्रार द्यायची झाली तर मी कुठे जाऊ? मोठा भाऊ चांगला असतो, मामा. पण भावाच्या घरी मागावं लागतं, हक्काच्या घरी सांगावं लागतं.

मामा : आणि तुझा ऑनलाइन रिपोर्ट? दिल्लीवाले म्हणतात घरून पाठवा आणि तीन दिवसांत येऊन सही करा. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागड तुटते. तीन दिवसांत पर्लकोटा उतरते का?

ताई मोकळेपणाने हसली. म्हणाली, "हा तुमचा मुद्दा मी कोर्टात वापरीन. पण म्हणूनच झिरो नंबरचा गुन्हा आहे. हद्द कुठलीही असो, जवळच्या ठाण्याने लिहून घ्यायचं आणि पुढे पाठवायचं. आणि लिहून घेतल्यावर ज्याला फक्त माडिया कळतं त्याला माडियात सांगायचं. नाहीतर खाली ते ठरलेलं वाक्य असतंच : माझा रिपोर्ट मी वाचून पाहिला, बरोबर आहे. त्याच्या शेजारी अंगठा!"

हा अंगठा मामांनाही ओळखीचा होता. त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मामा पोराबरोबर ठाण्यात गेले. मामा होते म्हणून खुर्ची मिळाली. ताईने सांगितलं होतं म्हणून पोराने कागद वाचला, 'गहाळ' दिसलं तिथे बोट ठेवलं आणि म्हणाला, "साहेब, चोरी आहे." बिल दाखवलं. शब्द बदलला, प्रत मिळाली. मोबाइल अजून मिळालेला नाही.

दोघांपैकी कोण जिंकलं हे मी ठरवत नाही. पण मामा प्रत्येकाच्या शेजारी राहत नाहीत. तेव्हा ज्यांना मामा नाहीत त्यांच्यासाठी एवढंच : संकटात 112 लावा, जंगलाच्या कामाला 1926, ऑनलाइन पैसे गेले तर लगेच 1930. आणि ठाण्यात गेलात तर लिहिलेलं वाचून घ्या, वाचता येत नसेल तर आपल्या भाषेत वाचून मागा, आणि प्रत हातात आल्याशिवाय पायरी उतरू नका.